परक्या कळफलकावर जपानी भाषा

जपानी मनुष्य संगणकापुढें लिहावयास बसला म्हणजे त्याचीं बोटें एका लिपींत चालतात आणि डोळे दुसऱ्या लिपींत वाचतात. बोटांखालीं असतात तीं रोमन अक्षरें; पडद्यावर उमटतात तीं हिरागाना, काताकाना आणि चीनहून आलेलीं कांजी अक्षरें. या दोहोंच्या मधल्या क्षणांत जें घडतें त्याच्या पाठीमागें दीडशें वर्षांचा इतिहास आहे, आणि तो बराचसा उलट्या फळांचा आहे. रोमन लिपि जपानांत यावी म्हणून ज्यांनीं आयुष्यें वेंचलीं त्यांना कांजीचा अंत पाहावयाचा होता. प्रत्यक्षांत रोमन अक्षरांच्या परक्या कळफलकानेंच कांजीला जीवदान दिलें.

जपानी लेखनाची रचना थोडी तरी ध्यानांत घेतल्यावांचून ही हकीकत नीट समजणार नाहीं. नामें आणि क्रियापदांचीं मूळ रूपें बहुधा कांजींत लिहावयाचीं, प्रत्यय हिरागानांत, परदेशी शब्द काताकानांत, अशी ही मिश्र रीत आहे. कांजी अक्षर हें अर्थाचें चिन्ह. त्याचा उच्चार संदर्भावर अवलंबून. डोंगर या अर्थाचें अक्षर एकटें असतां 'यामा' असें वाचतात, पण फूजी पर्वताच्या नांवांत तेंच 'सान' होतें. उरलेल्या दोन लिपींना मिळून काना म्हणतात (आपल्या काना-मात्रेशीं या शब्दाचा कांहीं संबंध नाहीं). काना अक्षरें निव्वळ ध्वनीचीं. मूळ अक्षरें आज ४६ वापरांत आहेत.

या काना अक्षरांचा जो तक्ता जपानी मूल पाठ करतें तो मराठी वाचकास परका वाटूं नये. आ, इ, उ, ए, ओ हे स्वर. आणि मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा या ओळी. 'सा'ची ओळ चवर्गाच्या जागीं आणि 'हा'ची ओळ पवर्गाच्या जागीं कां, असें कोणी विचारील. जुन्या जपानींत या ओळींचे उच्चार अनुक्रमें 'च' आणि 'प' यांना जवळचे होते, असें त्याचें उत्तर भाषाशास्त्रज्ञ देतात. कूकाई नांवाचा बौद्ध भिक्षु ८०४ सालीं चीनला गेला, चांगआन नगरींत भारताच्या वायव्येकडून आलेल्या प्रज्ञ नांवाच्या पंडितापाशीं संस्कृत शिकला आणि ८०६ सालीं सिद्धम् लिपींतले ग्रंथ घेऊन परतला. पुढें मठांमठांतून सिद्धम्‌चें जें अध्ययन चाललें त्यांतून हा वर्णक्रम जपानांत रुजला. वाचकांनीं हा तक्ता स्मरणांत ठेवावा. त्याची गांठ शेवटीं पुन्हां पडावयाची आहे.

कांजी टाकून द्यावी हा विचार यंत्रांच्या आधींचा. १८६६ सालीं माएजिमा हिसोका यानें शोगुन तोकुगावा योशिनोबु याच्याकडे कांजी बंद करण्याविषयीं अर्ज केला. मुलांचीं उमेदीचीं वर्षें अक्षरें घोंकण्यांत जातात आणि विद्या शिकावयास वेळ उरत नाहीं, हें त्याचें म्हणणें. हाच माएजिमा पुढें जपानी टपालखात्याचा जनक ठरला व एक येनच्या तिकिटावर त्याची मुद्रा आली. पुढच्याच वर्षीं, १८६७ त, जेम्स हेपबर्न या अमेरिकन वैद्य-मिशनऱ्याचा जपानी-इंग्रजी कोश निघाला. असा ग्रंथ छापण्याची सोय जपानांत नसल्यानें तो शांघायला छापावा लागला. त्याच्या १८८६ च्या तिसऱ्या आवृत्तींतली रोमन लेखनपद्धति हेपबर्न याच नांवानें रूढ झाली. ती इंग्रजी कानाला सोयीची: शि, चि, त्सु हे ध्वनि जसे ऐकूं येतील तसे लिहावयाचे. पदार्थविज्ञानाचे पंडित तानाकादाते आइकित्सु यांना हें रुचलें नाहीं. त्यांनीं १८८५ त मांडलेली निहोनशिकी पद्धति कानावर नव्हे तर वर सांगितलेल्या तक्त्यावर बेतलेली होती. 'ता'च्या सबंध ओळीला आरंभीं टी हें एकच अक्षर. मग उच्चार कोठें 'चि' होवो कीं 'त्सु' होवो. परदेशीयांसाठीं लिहावयाचें कीं स्वभाषेच्या बांधणीप्रमाणें लिहावयाचें, हा खरा वाद होता. सरकारनें १९३७ सालीं तानाकादाते यांच्या पद्धतीला जवळची अशी कुनरेई पद्धति स्वीकारली व १९५४ त ती पुन्हां जाहीर केली. २०२५ सालीं संस्कृतिविषयक सल्लागार मंडळानें अखेर हेपबर्नच्या बाजूनें अहवाल दिला. इतक्या अवधींत कळफलकापुढें बसलेल्या माणसाला या वादाचें कांहींच वाटेनासें झालें होतें. कां, तें पुढें येईल.

टंकलेखनयंत्र हें रोमनपक्षाच्या हातांतलें सर्वांत बोंचरें प्रमाण. पाश्चात्त्य कचेऱ्यांत चार डझनांच्या आंतबाहेर कळांवर भराभर पत्रें लिहिलीं जात. जपानीसाठीं सुगिमोतो क्योता यानें १९१५ सालीं जें यंत्र सिद्ध केलें त्यांत सुमारें २४०० खिळे सपाट तबकांत मांडलेले असत. चालकानें तबकावरून दांडी फिरवून हवा तो खिळा शोधावा, दांडी दाबावी, म्हणजे यंत्र तो खिळा उचलून कागदावर ठसा उमटवी आणि पुन्हां जागच्या जागीं ठेवी. यंत्र मोठें कल्पक. जपानी कचेऱ्यांतून त्यानें कित्येक दशकें काम केलें. पण तें चालविणें म्हणजे लिहिणें नव्हे, खिळे वेंचणें. तबकाचा सगळा भूगोल हातांत मुरावा लागे, म्हणून तो शिकलेल्या चालकांचा धंदा होऊन बसला. लेखकानें स्वतः यंत्रापुढें बसून वाक्य जुळवीत जावें, ही गोष्ट त्यावर होण्यासारखी नव्हती.

दुसरी वाट काना-पक्षाची. कांजी सोडावी, पण रोमनहि नको. केवळ काताकाना आडव्या ओळींत लिहावी, असा यामाशिता योशितारो यांचा आग्रह होता. त्यांनीं १९२० सालीं या कार्यासाठीं मंडळ काढलें आणि अमेरिकेंतील अंडरवुड कंपनीकडून काताकानाचें यंत्र करवून घेतलें. त्याचा कळफलक बर्नम स्टिकनी या अमेरिकनानें आंखला. तें साल १९२३. आजच्या जपानी प्रमाण कळफलकावरची काना अक्षरांची मांडणी ही त्याच मांडणीची वंशज आहे. म्हणजे कोणतें जपानी अक्षर कोणत्या बोटाखालीं यावें हें मुळांत एका परदेशीयानें ठरविलें. वर्णक्रमाचा तींत मागमूस नाहीं. रोमन ए च्या कळेवर 'चि', एसवर 'तो', डीवर 'शि', एफवर 'हा'. आ, उ, ए, ओ हे चार स्वर तीन ते सहा या आंकड्यांच्या कळांवर, आणि 'इ' मात्र भावंडांपासून फुटून खालच्या रांगेंत. इतकीं अक्षरें बसवावयाचीं तर आंकड्यांची रांगहि खर्चीं पडते. जपानी फलकावर अक्षरांच्या ४८ कळा असतात, अमेरिकन फलकावर ४७. म्हणजे परक्या यंत्रावर काना टंकूं पाहणाऱ्यास आरंभींच एका कळेची तूट सोसावी लागते, आणि विस्थापित चिन्हें कोठें आसऱ्याला गेलीं हें हुडकीत बसावें लागतें.

युद्ध संपलें आणि कांजीचे दिवस भरले असें पुष्कळांना वाटलें. १९४६ च्या मार्चमध्यें अमेरिकन शिक्षणमंडळ जपानांत आलें व त्यानें रोमन लिपि स्वीकारण्याची शिफारस केली. पराभूत राष्ट्राला जेत्यानें आपली लिपि सुचवावी यांत कांहीं विचित्र आहे खरें, पण देशांतहि तेंच म्हणणारे थोडे नव्हते. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत सरकारनें १८५० कांजींची यादी ठरविली. तिच्या नांवांतल्या 'तोयो' या विशेषणाचा अर्थ 'सध्यांच्या उपयोगाचीं' असा. 'सध्यांच्या' या शब्दांत कांजीला दिलेली मुदत दिसते. ही यादी म्हणजे अखेरच्या निरोपाची पहिली पायरी असेंच अनेक सुधारक समजत होते.

कांजीला वाट सांपडली ती भलत्याच दिशेनें. क्यूशू विश्वविद्यालयांतील कुरिहारा तोशिहिको यांनीं १९६७ च्या सुमारास काना मजकुराचें यंत्राकडून कांजीमिश्रित मजकुरांत रूपांतर करण्याचें संशोधन मांडलें. कल्पना सांगावयास सोपी: लेखकानें ध्वनि द्यावा, यंत्रानें कोश पाहून अक्षर द्यावें. अडचण ही कीं जपानींत समोच्चार शब्दांचा सुकाळ आहे. 'किशा' या एका उच्चाराचे आपली कंपनी, बातमीदार, आगगाडी आणि कचेरींत परतणें असे निरनिराळे अर्थ निरनिराळ्या कांजींत आहेत. 'आपल्या कंपनीचा बातमीदार आगगाडीनें कचेरींत परतला' हें वाक्य जपानींत 'किशा नो किशा गा किशा दे किशा शिता' असें होतें, आणि नव्या यंत्राची परीक्षा पाहणाऱ्यांचें तें मोठें आवडतें हत्यार. दुसरी अडचण शब्द तोडण्याची, कारण जपानी लेखनांत शब्दांमध्यें जागा सोडीत नाहींत. 'कोकोदेहाकिमोनोवोनुगु' हीं अक्षरें एके जागीं तोडलीं तर 'येथें पादत्राणें काढावयाचीं' असा अर्थ होतो, दुसऱ्या जागीं तोडलीं तर 'येथें कपडे उतरावयाचे' असा. आपल्या पंडित कवींना अशा सभंग श्लेषाची मौज वाटे. यंत्राला ती कशी वाटावी?

हें सर्व पोटांत घालून तोशिबा कंपनीनें २६ सप्टेंबर १९७८ रोजीं जेडब्ल्यू-१० हें जपानी लेखनाचें यंत्र जाहीर केलें. मोरी केनइची हे त्या कामाचे प्रमुख. किंमत ६३ लाख येन, वजन २२० किलो, आकार चांगल्या मोठ्या मेजाएवढा. लेखकानें काना द्यावी, यंत्रानें कांजी सुचवावी, चुकली तर लेखकानें दुसरी निवडावी, आणि निवडलेली कांजी पुढच्या वेळीं यंत्रानें आधीं पुढें करावी, हा क्रम तेव्हां जो बसला तोच आजतागायत चालू आहे. त्याच १९७८ सालीं ६३४९ कांजींना प्रमाण संकेतांक देण्यांत आले. या यादींत कांहीं अशीं अक्षरें शिरलीं कीं ज्यांचा उच्चार वा अर्थ कोणासच सांगतां येईना. जपानी लोक त्यांना भुताचीं अक्षरें म्हणतात. एकाची उत्पत्ति तर अशी कीं मूळ अक्षराचे दोन तुकडे कागदावर चिकटवितांना सांध्याची सावली पडली आणि नक्कल करणाऱ्यानें ती अक्षराची रेघ समजून उतरून घेतली. तें अक्षर आज जगांतल्या सर्व संगणकांत सुखानें नांदत आहे.

यंत्राला ध्वनि द्यावयाचा हें ठरल्यावर तो कोणत्या कळांनीं द्यावा हा प्रश्न उरला. 'का' हें अक्षर काना मांडणींत एका ठोक्यांत उमटतें, रोमनमध्यें के आणि ए असे दोन ठोके पडतात. म्हणून काना मांडणी वरकरणीं सरस. फुजित्सू कंपनीनें १९८० सालीं आंगठ्याच्या कळांनीं दुहेरी काम करणारी फार कुशल मांडणी काढली, तिचे भक्त आजहि सांपडतात. सरकारनें १९८६ त आणखी एक मांडणी प्रमाण केली आणि १९९९ त ती कोणी वापरीत नाहीं म्हणून मागें घेतली. लोक मात्र बहुसंख्येनें रोमन कळांकडे वळले. इंग्रजीसाठीं सव्वीस कळा शिकाव्याच लागतात, मग त्याच पुरत असतां आणखी चाळीसावर कोण शिकेल?

आमच्या मतें यास रोमन लिपीचा विजय म्हणणें चूक आहे. कळफलकावरची ही रोमन हेपबर्नचीहि नव्हे आणि तानाकादाते यांचीहि नव्हे. 'शि' हवी असेल तर एस-एच-आय दाबा किंवा नुसतें एस-आय दाबा, यंत्राला दोन्ही सारखेंच. शंभर वर्षांचा वाद एका कोष्टकाच्या दोन नोंदींत मिटला. शब्दाच्या पाठीमागें लागणारा 'वा' हा निपात उच्चारांत 'वा' असला तरी कानांत 'हा' असा लिहितात, म्हणून टंकतांनाहि एच-ए असेंच दाबावें लागतें. 'किनेन' म्हणजे स्मरणोत्सव आणि 'किन्-एन' म्हणजे धूम्रपानबंदी. या दोहोंत गल्लत होऊं नये म्हणून दुसऱ्या शब्दांत एन ही कळ दोनदां ठोकावी लागते. असें रोमन कोणी कागदावर लिहिलें तर तें अशुद्ध ठरेल. कारण तें लेखन नव्हेच. रोमन पोषाख घातलेली ती काना आहे, आणि पडद्यावर पोंचतांच ती पोषाख उतरून ठेवते.

या सोयीमुळेंच परदेशी संगणकावर जपानी लिहिणें शक्य झालें. १९८० च्या दशकांत जपानी बाजारावर एनईसी कंपनीच्या १९८२ त निघालेल्या पीसी-९८०१ या संगणकाचें राज्य होतें. कांजीच्या आकृति त्याच्या यांत्रिक भागांतच कोरलेल्या असत, त्यामुळें साधा अमेरिकन संगणक त्यापुढें मुका पडे. आयबीएमच्या जपानी शाखेनें १९९० सालीं डॉस/व्ही ही प्रणाली काढली. तिनें कांजी दाखविण्याचें काम निव्वळ आज्ञावलीकडे सोंपविलें, आणि कोणताहि सर्वसाधारण परदेशी संगणक जपानी बोलूं लागला. विद्यापीठांतल्या यंत्रांवर त्याआधींच खटपट सुरू होती. क्योतो विश्वविद्यालय आणि कांहीं कंपन्या यांनीं मिळून केलेल्या एका आज्ञावलीचें डब्ल्यू-एन-एन हें नांव 'वाताशि नो नामाए वा नाकानो देसु', म्हणजे 'माझें नांव नाकानो', या वाक्यांतील अक्षरांवरून पडलें. एवढें वाक्य एका दमांत बरोबर रूपांतरित व्हावें ही त्या काळची महत्त्वाकांक्षा. तोहोकु विश्वविद्यालयाच्या सातो मासाहिको यांनीं १९८७ त एसकेके नांवाची उलट्या स्वभावाची आज्ञावलि रचली. तींत कांजी कोठें सुरू होते हें यंत्रानें ताडावयाचें नसून लेखकानेंच शिफ्ट दाबून मोठ्या रोमन अक्षरानें सांगावयाचें. सभंग श्लेषाचा निकाल लावण्याचा मान तिनें लेखकाकडेच ठेवला, म्हणून आम्हांस ती विशेष आवडते.

परक्या फलकाच्या लहानसहान खोड्या मात्र संपल्या नाहींत. जपानी फलकावर जागा-कळेच्या दोन्ही बाजूंस रूपांतर करणें व न करणें यांच्या स्वतंत्र कळा असतात, डाव्या कोपऱ्यांत भाषा बदलण्याची कळ असते. अमेरिकन फलकावर यांपैकीं एकहि नाहीं, म्हणून ऑल्ट आणि कोपऱ्यांतली उलट्या स्वल्पविरामाची कळ एकत्र दाबून वेळ मारून न्यावी लागते. समोरचा फलक जपानी आहे अशी यंत्राची समजूत झालेली असली तर शिफ्टसह दोन दाबतांच टपालपत्त्यांतील ॲट-चिन्हाऐवजीं अवतरणचिन्ह उमटतें. अमेरिकन संकेतांत उलट्या तिरप्या रेघेला जो अंक दिलेला आहे तोच जपान्यांनीं येनच्या चिन्हाला दिला. त्यामुळें जपानी विंडोजवर धारिकांच्या पत्त्यांत ठायीं ठायीं येनचीं चिन्हें दिसतात.

यंत्र आणि लिपि यांची ही झटापट आपल्याकडेहि झाली, पण तिचें वळण निराळें. छापखाना व टंकयंत्र यांच्या सोयीसाठीं सावरकर आणि काकासाहेब कालेलकर यांनीं स्वरांची 'अि, अी, अु, अू' अशी बाराखडी पुरस्कारिली. ती टिकली नाहीं, आणि संगणक आल्यावर तिची गरजहि उरली नाहीं. १९९१ च्या भारतीय मानकांतील इनस्क्रिप्ट मांडणी आपल्या वर्णमालेवरच उभी आहे: स्वर डाव्या हाताला, व्यंजनें उजव्या हाताला, क आणि ख एकाच कळेवर, ग आणि घ एका कळेवर. तरीहि असंख्य मराठी माणसें रोमन कळांनींच मराठी टंकतात. फरक इतकाच कीं आपल्याला यंत्राकडून फार तर ऱ्हस्वदीर्घ आणि न-ण यांचा निवाडा हवा असतो. जपानी लेखकाला प्रत्येक शब्दाची अक्षरओळखच यंत्राकडून घ्यावी लागते.

आणि येथेंच त्याचें मोल द्यावें लागतें. कांजी ही शतकानुशतकें मनगटांत राहणारी विद्या होती. मूल एकेक अक्षर शेंकडों वेळां गिरवी आणि रेघांचा क्रम हाताला ठाऊक होई. टंकणाऱ्याला अक्षर काढावें लागत नाहीं, पुढें आलेल्या ओळींतून ओळखावें लागतें. लेखणी हातांत घेतल्यावर साधें अक्षर आठवेनासें होण्याच्या या दुखण्याला जपानी लोकांनीं 'वापुरो-बाका', म्हणजे लेखनयंत्रानें झालेला मूढ, असें चेष्टेचें नांव दिलें. सरकारी याद्यांचा प्रवास याच्या जोडीनें पाहावा. १८५० ची यादी १९८१ त १९४५ अक्षरांची झाली आणि २०१० त १९६ अक्षरें वाढवून व ५ गाळून २१३६ वर गेली. जी यादी आटत आटत संपावयाची, ती वाढत गेली. यंत्रांच्या प्रसारामुळें कांजी लिहिणें सुलभ झालें, तेव्हां यादींतलें प्रत्येक अक्षर हातानें लिहितां आलेंच पाहिजे असें नाहीं, ही भूमिका त्या वेळीं अधिकृतपणें मान्य झाली. नव्यानें आलेल्या अक्षरांत खिन्नता, उदासी या अर्थाचें 'उत्सु' हें अक्षर आहे. त्याच्या रेघा २९. हातानें तें बिनचूक काढणारे जपानी माणूस थोडे. यू, टी, एस, यू असे चार ठोके देऊन जागा-कळ दाबणारे सगळेच. माएजिमाच्या काळीं तें अक्षर कांजी टाकून देण्याचा पुरावा म्हणून दाखवितां आलें असतें. कळफलकाच्या काळांत तें शासनाच्या यादींत जाऊन बसलें.

हल्लींचीं तरुण मुलें मात्र खिशांतल्या दूरध्वनीवर रोमन कळा क्वचितच वापरतात. २००८ सालीं आयफोन जपानांत आला त्या सुमारापासून तेथें एक निराळीच रीत रूढ झाली. पडद्यावर मुख्य अशा दहाच कळा असतात, आणि त्यांवर क्रमानें आ, का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा हीं अक्षरें. 'का'वर आंगठा टेकून डावीकडे सारला कीं 'कि', वर सारला कीं 'कु', उजवीकडे 'के', खालीं 'को'. नुसता टेकून उचलला तर 'का'. ओळी मठांतल्या, स्वरांचा क्रमहि मठांतला, आणि स्टिकनीच्या मांडणीचा त्यांत लवलेश नाहीं. आगगाडींत उभीं राहिलेलीं मुलें एका हातानें कडी धरून दुसऱ्या हाताच्या आंगठ्यानें तो तक्ता बोलण्याच्या वेगानें फिरवितात, आणि यंत्र त्यांना कांजी पुरवीत राहतें.